पत्ते पिसण्याआधी

पंचांगाची पाच अंगं आपण एका दमात म्हणून टाकतो: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. म्हणण्याचा क्रम पाठ असतो. काढण्याचा क्रम कोणता, हे पंचांगकर्त्याखेरीज फारसं कोणी विचारत नाही. सूर्यसिद्धान्ताने ज्या गावावरून रेखांशांचं शून्य नेलं त्या उज्जैनमध्ये राहूनही मला हा प्रश्न पडला तो संगणकामुळे. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर माझ्या सात छोट्या पायथन स्क्रिप्ट रोज पहाटे चालतात. एक त्या दिवसाचं सूर्याचं स्थान काढून फाइलीत लिहून ठेवते, दुसरी चंद्राचं. बाकीच्या पाच एकेक अंग काढतात. हौसेचं काम आहे. शहाण्या माणसाने सरळ भिंतीवरची दिनदर्शिका बघावी. तर एकदा एका मित्राने विचारलं, "या सातही रोज त्याच क्रमाने कशाला? पत्ते पिसतो तशा पिसून चालव की. काय बिघडणार आहे?" मी म्हणालो, काही नाही.

बिघडतं. कसं ते आकड्यांनीच सांगतो. समजा आज निरयन सूर्य 40 अंशांवर आहे आणि चंद्र 95 अंशांवर. दोघांतलं अंतर 55. तिथी 12 अंशांची, म्हणजे चार तिथ्या उलटून पाचवी चालू आहे, शुद्ध पंचमी. नक्षत्राला एकटा चंद्र पुरतो: 95 ला 13 अंश 20 कलांनी भागलं की सात नक्षत्रं मागे पडतात आणि आठवं पुष्य येतं. योगाला दोघांची बेरीज लागते, 135. अकरावा योग, वृद्धी. करण म्हणजे अर्धी तिथी, 6 अंशांचं, दहावं, बालव. वाराला यातलं काहीच नको, गेलेले दिवस मोजून सातने भागले की झालं. म्हणजे सूर्य-चंद्र हाती आल्यावर तिथी, योग आणि करण कोणत्याही क्रमाने काढा, नक्षत्र चंद्रानंतर केव्हाही काढा, वार कुठेही घाला.

सात स्क्रिप्ट एका रांगेत लावण्याचे प्रकार 5040. त्यांतले ही पथ्यं पाळणारे किती ते मी कागदावर मोजले, 378 निघाले. डोळे झाकून पिसलं तर शंभरात साडेसात वेळा क्रम बरोबर लागेल. उरलेल्या वेळी काय होईल? पहिल्या दिवशी फाइल सापडत नाही म्हणून स्क्रिप्ट आरडाओरडा करेल. दुसऱ्या दिवसापासून गप्प, कारण कालची फाइल तिथे पडलेली असते. शिळी फाइल. चंद्र रोज साधारण 13 अंश चालतो. तिथीची स्क्रिप्ट चंद्राच्या आधी धावली की तिच्या हाती कालचे 82 अंश लागतात, अंतर 42 भरतं आणि पंचमीची चतुर्थी होते. ही चूक निदान दिनदर्शिकेशी ताडून पकडता येते. सूर्य शिळा राहिला तर? तो रोज जेमतेम 1 अंश सरकतो. अंतर 55 ऐवजी 56 येतं. तिथी तीच, करण तेच, योगही तोच. चूक झालेली आहे आणि उत्तर बरोबर आलेलं आहे. अशी स्क्रिप्ट आठवडेच्या आठवडे गुपचूप चालते आणि तिथी काठावर असलेल्या एखाद्या दिवशी तोंडघशी पाडते.

पायथनच्या अनेक स्क्रिप्ट रँडम क्रमाने कशा चालवायच्या, या प्रश्नाचं उत्तर कोणीही दोन ओळींत देतं: फाइलींची यादी करा, यादी पिसा, एकेक चालवा. विचारलं तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांची गरज एक नसते, आणि गरजेप्रमाणे उत्तर बदलतं. माझं मत आधीच सांगून ठेवतो. क्रमाबद्दल आपल्याला जे ठाऊक नाही ते उघडं पाडायला पिसण्यासारखं हत्यार नाही. रोजच्या कामात मात्र त्याची गरज क्वचित पडते, आणि पडते असं वाटतं तिथे बहुतेकदा दुसरंच काहीतरी अधिक बरं असतं.

क्रम नशिबावर सोपवण्याची कल्पना संगणकातून आलेली नाही, ती रुजली शेतात. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेतकी केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात ती पक्की केली. आमच्याकडे ती पोचायला फार वेळ लागला नाही. उज्जैनहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर इंदूरला आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' तिथलीच. त्याच संस्थेत पुढे व्ही. जी. पानसे कापसाच्या चाचण्यांचं गणित बघत. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या जोडीचं संख्याशास्त्रावरचं 1954 चं पुस्तक शेतकी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. पीक कापणी प्रयोगासाठी गाव आणि शेत सांख्यिकी पद्धतीने, यदृच्छेने निवडायचं, या रीतीचा आपल्याकडे जम बसवण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे.

शेताचा आणि स्क्रिप्टचा संबंध असा. माळव्याच्या काळ्या जमिनीचा एखादा तुकडा घ्या. नाल्याच्या बाजूला ओल जास्त, बांधाच्या बाजूला कमी. चार वाण दर वेळी त्याच क्रमाने लावले तर नाल्याकाठचा वाण जिंकणार, आणि आपण श्रेय बियाण्याला देणार. म्हणून वाणांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. संगणकात जमिनीच्या जागी वेळ असते. चार स्क्रिप्टपैकी कोणती जलद, हे मोजताना पहिलीला डिस्कवरून सगळं नव्याने वाचावं लागतं. दुसरीला तेच स्मृतीत आयतं मिळतं. चौथीपर्यंत यंत्र तापून स्वतःच वेग कमी करतं. क्रम रोज तोच ठेवला की पहिली कायम मंद ठरते. मोजमापासाठी क्रम पिसण्याचं कारण हेच, आणि माझ्या लेखी ते सर्वांत भक्कम कारण आहे.

तरी इथेही एक जुना वाद आहे. गिनेसच्या दारू-कारखान्यात काम करणारे आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट फिशर यांच्याशी यावरून अखेरपर्यंत भांडले. त्यांचं म्हणणं, नशिबावर सोडल्याने एखाद्या वेळी सगळे चांगले तुकडे एकाच वाणाला मिळतील. त्यापेक्षा अबबअ अशी तोलून मांडणी करा, चढउतार आपोआप कटतो. 1937 मध्ये ते वारले; या विषयावरचा त्यांचा शेवटचा लेख 1938 मध्ये छापून आला. शास्त्रात फिशर जिंकले. स्क्रिप्ट दोनच असतील आणि फेऱ्या मोजक्याच काढायच्या असतील, तर मी गॉसेट यांच्या बाजूचा.

चाचण्यांच्या क्षेत्रात पिसण्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. प्रोग्रॅमच्या शेकडो चाचण्या एकामागोमाग चालतात आणि प्रत्येक चाचणी स्वतंत्र आहे असं सगळे धरून चालतात. 2021 मध्ये मार्टिन ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी पायथनचे 22,352 मुक्त प्रकल्प तपासले. कधी पास, कधी नापास होणाऱ्या 7,571 चाचण्या त्यांना सापडल्या, आणि त्यांतल्या 59 टक्क्यांचं दुखणं क्रमाचं होतं. इतर भाषांच्या अभ्यासांत समांतर कामं आणि वाट बघण्यातले घोळ वर असतात, पायथनमध्ये क्रम. मला याचं नवल वाटलं नाही. पायथनमध्ये मॉड्यूलच्या पातळीवर एखादी यादी किंवा डिक्शनरी ठेवून तिच्यात कुठूनही भर घालणं इतकं सोपं आहे की हात आपोआप तिकडे जातो.

या दुखण्याचे प्रकार ओळखून घ्यावेत. एक स्क्रिप्ट मागे पसारा ठेवते: चालू फोल्डर बदलून जाते, तात्पुरती फाइल पुसत नाही, एन्व्हायर्नमेंटमधली किंमत बदलते. दुसरी त्या पसाऱ्याला अडखळून पडते. संशोधक पहिलीला प्रदूषक म्हणतात आणि दुसरीला बळी. तिसऱ्या प्रकारची स्क्रिप्ट याच्या उलट: एकटी चालवली तर पडते, कारण कोणीतरी आधी येऊन सतरंजी अंथरलेली असेल हे ती गृहीत धरते. माझी तिथीची स्क्रिप्ट या तिसऱ्या जातीची.

किती वेळा पिसलं म्हणजे दुखणं सापडेल? अ च्या आधी ब आली की बिघडतं, एवढंच असेल तर प्रत्येक पिसण्यात ते सापडण्याची शक्यता निम्मी. दहा फेऱ्या काढूनही निसटण्याची शक्यता 1024 मध्ये एक. तीन स्क्रिप्ट एका ठरावीक क्रमाने आल्या तरच बिघडत असेल तर दर फेरीला सहातून एक शक्यता, आणि वीस फेऱ्यांनंतरही शंभरात अडीचहून जास्त वेळा ते हातून सुटतं. आता याहून स्वस्त युक्ती: सगळ्या स्क्रिप्ट एकदा नेहमीच्या क्रमाने चालवा आणि एकदा बरोबर उलट. जोडी कोणतीही असो, दोन फेऱ्यांत तिचे दोन्ही क्रम होऊन जातात. पिसण्याचं साधन हाताशी आहे म्हणून लोक थेट पिसायला धावतात. उलट क्रमाची ही फेरी फारसं कोणी काढत नाही. जोडीच्या पलीकडचे गुंते शोधायला पिसणं आहेच. दोन्ही वेळा प्रत्येक फेरीआधी शिळ्या फाइली पुसून पाटी कोरी करायची, नाहीतर परीक्षा फुकट.

आपण पिसत नाही, म्हणून आपला क्रम ठरलेला आहे, असंही नाही. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की रेणूंच्या चुंबकीय मोजमापांचं गणित करणाऱ्या काही पायथन स्क्रिप्ट यंत्रागणिक वेगळी उत्तरं देतात. त्या 2014 पासून वापरात होत्या. कारण इतकं किरकोळ की हसू यावं: स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागत असे आणि ती नावांच्या क्रमाने येईल असं धरून चाले. विंडोजवर ती तशी येई. लिनक्सवर आणि मॅकच्या एका आवृत्तीवर येत नसे. पायथनचं दस्तऐवजीकरण स्पष्ट सांगतं की हा क्रम कसाही असू शकतो, वाचतो कोण? दीडशेहून जास्त शोधनिबंधांवर सावली पडली. यादी घेतल्यावर ती क्रमाने लावण्याचा एक शब्द घातला आणि प्रश्न मिटला. कसाही क्रम आणि यादृच्छिक क्रम यांत फरक असतो. कसाही म्हणजे यंत्राच्या मर्जीचा. तो वर्षभर तोच राहील आणि नवीन यंत्र घेतल्या दिवशी बदलेल.

हाच घोटाळा समांतर चालवण्यात होतो. दहा स्क्रिप्ट एकदम सोडल्या की त्या कशाही क्रमाने संपतात, आणि पाहणारा म्हणतो, झालं की रँडम! प्रत्यक्षात छोट्या आधी संपतात, मोठ्या नंतर. रोज बघितलं तर तोच क्रम थोड्या फरकाने.

आता बाकीच्या गरजा. त्यांवर इतका वेळ घालवायला नको. कोणाकडे रात्री दोन तासांचीच मुभा असते, स्क्रिप्ट वीस असतात, आणि शेवटच्या दोघी-तिघी कायम राहून जातात. रोज पिसल्याने अन्याय वाटला जातो खरा, पण एखादी बिचारी सलग तीन रात्री शेवटी येऊ शकते. इथे आपली साधी पाळी बरी: काल जिच्यापर्यंत पोचलो तिथून आज पुढे. सरपंचपदाच्या आरक्षणात आपण सोडत काढतो आणि ते फिरतंही ठेवतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

दुसऱ्या कोणाची अडचण गर्दीची असते. सगळ्यांनी क्रॉनमध्ये रात्रीचे बारा लिहून ठेवलेले, ठोका पडताच पन्नास यंत्रं एकाच सर्व्हरवर तुटून पडतात. सिंहस्थात रामघाटावर सगळ्यांना एकाच मुहूर्तावर बुडी मारायची असते, तसं. यावर उपाय क्रम पिसण्याचा नाही, वेळ विखुरण्याचा आहे. सिस्टमडीच्या टायमरमध्ये तशी सोय आहे. जेन्किन्समध्ये वेळेच्या जागी एच अक्षर लिहिलं की कामाच्या नावावरून एक मिनिट ठरतं आणि ते रोज तेच राहतं. मला हे दुसरं आवडतं: गर्दी फुटते आणि लॉग वाचताना कोण केव्हा चाललं हे शोधत बसावं लागत नाही.

आणि एक जमात आहे जिला संकेतस्थळांना चुकवायचं असतं. क्रम बदलला की यंत्र माणसासारखं वाटेल अशी तिची समजूत. विनंत्यांचा वेग, पत्ता, ब्राउझरची ओळख हे सगळं तसंच राहतं, तिथे क्रमाने काय लपणार? माहिती हवी असेल तर देणाऱ्याला विचारून घ्यावी. हा भाग मी इथेच सोडतो.

पिसायचं ठरलंच, तर नीट पिसावं. हे काम वाटतं तितकं सरळ नाही. त्याची प्रसिद्ध लेखी कृती फिशर आणि फ्रँक येट्स यांच्या 1938 च्या तक्त्यांच्या पुस्तकात आहे, म्हणजे पुन्हा शेतीच. चिठ्ठ्या एका भांड्यात, एक काढा, बाजूला ठेवा, उरलेल्यांतून पुढची. काढलेली परत भांड्यात जात नाही. 1964 मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकाला सोयीची करून दिली आणि पायथनमधलं शफल त्याच रीतीने चालतं. नवशिका काय करतो? यादीतल्या प्रत्येक जागेसाठी संपूर्ण यादीतून कोणतीही जागा निवडून अदलाबदल करतो. तीन चिठ्ठ्यांवर करून बघा. तीनदा तीन-तीन पर्याय, म्हणजे सारख्या शक्यतेच्या 27 वाटा. आणि तीन चिठ्ठ्यांचे क्रम सहा. 27 ला 6 ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे काही क्रम 5 वाटांनी येतात आणि काही 4 वाटांनी. गणित इथेच संपतं. कितीही वेळा चालवा, पारडं झुकलेलंच.

असं झुकलेलं पारडं जगाने 2010 मध्ये पाहिलं. युरोपीय महासंघाशी झालेल्या तडजोडीनुसार मायक्रोसॉफ्टला विंडोजमध्ये पाच ब्राउझर यदृच्छ क्रमाने दाखवायचे होते. तुलना करायला विचारलं की नाणं उडवून उत्तर द्यायचं, अशा पद्धतीने त्यांनी यादी क्रमाला लावली होती. क्रमाला लावणारी पद्धत असल्या लहरी उत्तरांनी गोंधळते. रॉब वेअर यांनी मोजून दाखवलं की जागा सारख्या वाटल्या जात नाहीत. गंमत म्हणजे त्या चुकीने मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरला वारंवार शेवटी ढकललं होतं, तेव्हा हेतूवर शंका घ्यायला जागा राहिली नाही.

पायथनमध्ये शफल आयतं आहे, तरी एक खड्डा प्रत्येकाची वाट बघत असतो. ते यादी जागच्या जागी पिसतं आणि परत काहीच देत नाही. 'यादी बरोबर शफल केलेली यादी' असं लिहिलं की हातात रिकामं येतं आणि मूळ यादीचं नाव गमावून बसतो. दुसरी एक मजेची गोष्ट त्याच्या दस्तऐवजात आहे: 2080 हून जास्त गोष्टी पिसायच्या असतील तर सगळे क्रम निघूच शकत नाहीत, कारण आतल्या आकड्यांच्या यंत्राचा फेरा, दोनाचा 19937 वा घात उणे एक, त्या क्रमांच्या संख्येपेक्षा छोटा पडतो. इतक्या स्क्रिप्ट ज्याच्याकडे असतील त्याची अडचण पिसण्याची नाही, हे उघड आहे.

चालवण्याबद्दल माझी एक फजिती सांगतो. पिसून चालवणारी स्क्रिप्ट, तिला चालक म्हणू, मी त्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि यादी केली 'इथल्या सगळ्या पायथन फाइली' अशी. त्या यादीत ती स्वतःही आली. तिने पिसलं, एकदोन चालवल्या, मग स्वतःलाच बोलावलं. त्या दुसरीने पुन्हा पिसलं, पुन्हा स्वतःला बोलावलं. क्रम रँडम असल्यामुळे ते लगेच लक्षातही आलं नाही, कधी तीन स्क्रिप्टनंतर वळण यायचं, कधी पहिल्यालाच. पंखा गिरणीसारखा घुमायला लागला तेव्हा उठून बघितलं. आता चालक वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो, आणि कोणत्या स्क्रिप्ट चालवायच्या त्यांची नावं मी हाताने लिहून दिली आहेत. आळस त्यातच कमी महागात पडतो.

प्रत्येक स्क्रिप्ट स्वतंत्र प्रोसेस म्हणून चालवावी, सबप्रोसेस वापरून, आणि चालक ज्या पायथनने चालतो आहे त्याच पायथनने. नाहीतर लायब्ररी एकीकडे आणि स्क्रिप्ट दुसरीकडे अशी ताटातूट होते. एकाच प्रोसेसमध्ये सगळ्या आयात करून चालवल्या की एकीचा पसारा दुसरीच्या पायात येतो. वेळेची मर्यादा घालावी, आणि शेवटचा कोड शून्य आला की नाही ते बघावं. पण वेगळी प्रोसेस म्हणजे वेगळं घर नव्हे. फाइली आणि डेटाबेस सामायिकच राहतात, आणि सगळ्या एकदम सोडल्या तर कुलूप हवं, म्हणजे एका वेळी एकीनेच लिहायचं.

कुलपाची रीत आमच्याकडे वैशाखात बघायला मिळते. पंचक्रोशी यात्रेला निघणारे लोक पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून 'बळ' मागून घेतात, 118 किलोमीटर पायी फिरून पिंगळेश्वरापासून दुर्दरेश्वरापर्यंतची ठाणी करतात, आणि परत येऊन मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करतात. घेतलं ते काम संपल्यावर परत. संगणकातलं कुलूप याहून वेगळं काही मागत नाही. साध्या फाइलीचं कुलूप केलं आणि स्क्रिप्ट मध्येच मेली तर ती फाइल तशीच राहते. घोडे न वाहताच माणूस घरी निघून गेल्यासारखं, आणि पुढचे सगळे खोळंबतात. म्हणून कार्यप्रणालीकडचं कुलूप घ्यावं, ते प्रोसेस मेल्याबरोबर सुटतं. त्याहून बरा उपाय नाशिकचा. कुंभातल्या पहिल्या स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्त सांडल्याचे प्रसंग इतिहासात आहेत. 1760 मध्ये हरिद्वारला मोठी लढाई झाली. नाशिकच्या कुंभात शैव त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव नाशिकला रामकुंडावर. घाटच वेगळे, मग आधी कोण हा प्रश्न उरत नाही. दोन स्क्रिप्टना लिहायला वेगवेगळी फोल्डर द्या, निम्मी कुलपं गळून पडतात.

मग ज्या स्क्रिप्टना एकमेकींची गरज आहे त्यांचं काय? त्यांचं नातं लिहून द्यायचं. पायथनच्या 3.9 आवृत्तीपासून ग्राफलिब नावाचं मॉड्यूल बरोबरच येतं. तिथी सूर्य-चंद्रावर अवलंबून, नक्षत्र चंद्रावर, एवढं सांगितलं की कोणत्या स्क्रिप्ट आत्ता चालायला मोकळ्या आहेत ते ते सांगतं. त्या मोकळ्यांत पिसा, एक चालवा, झाली म्हणून कळवा, पुन्हा विचारा. यात एक बारीक मेख आहे. प्रत्येक पायरीवर मोकळ्यांतून सारख्या शक्यतेने निवडलं तरी एकूण क्रम सारख्या शक्यतेने येत नाहीत. वार बाजूला ठेवून उरलेल्या सहांचं बघा: सूर्य आधी आला तर पुढचे क्रम 24, चंद्र आधी आला तर 30, पण नाणं तर निम्मं-निम्मं पडणार. चोवीसांतल्या प्रत्येकाला तिसांतल्यांच्या सरासरीपेक्षा जास्त वाटा मिळतो. चुका शोधायला हा फरक चालतो. शास्त्रीय मोजमापाला चालणार नाही.

नोंदीबद्दल निवडणूक आयोगाची पद्धत उचलण्यासारखी आहे. मतदान यंत्रं कोणत्या मतदारसंघात आणि मग कोणत्या केंद्रावर जाणार, हे दोन टप्प्यांत संगणक यदृच्छेने ठरवतो, आणि निघालेल्या याद्या पक्षांच्या आणि उमेदवारांच्या हाती दिल्या जातात. आधी कोणालाच माहीत नाही, नंतर सगळ्यांकडे लेखी. स्क्रिप्टचंही तसंच ठेवावं. बरेच जण फक्त सीड, म्हणजे पिसण्याची सुरुवातीची संख्या, लॉगमध्ये लिहितात. तीच संख्या देऊन पायथनच्या नव्या आवृत्तीत तोच क्रम येईल याची शफलच्या बाबतीत हमी नाही. क्रमच लिहून ठेवावा. सात नावांना जागा लागते किती?

सध्या माझं असं चालतं. आठवड्यातले सहा दिवस क्रम ठरलेला, सूर्यापासून सुरू. रविवारी आधी कालच्या सगळ्या फाइली पुसल्या जातात, ग्राफलिब मोकळ्या स्क्रिप्ट सांगतं, चालक त्यांत पिसतो आणि नाव लिहून मगच स्क्रिप्ट सोडतो. शिवाय प्रत्येक स्क्रिप्ट फाइल उघडताना तिच्यावरची तारीख बघते. आजची नसेल तर गणित न करता थांबते. ही तारखेची ओळ मला पिसल्यामुळेच सुचली, आणि ती आल्यापासून पिसण्यातून नवीन काही सापडलेलं नाही. गेल्या रविवारचा लॉग आत्ता समोर आहे: वार, चंद्र, नक्षत्र, सूर्य, करण, योग, तिथी. म्हणताना पहिली येणारी तिथी सर्वांत शेवटी, पाच वाजून दोन मिनिटांनी.